सोडियम आणि कॉस्टिक सोडा एकाच कपाटात नको
सोडियम धातू आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) दोन्ही आम्लारीच्याच (अल्कलीच्या) बाजूचे, म्हणून शेजारी चालतील असं वाटतं. नवख्यांची नेमकी हीच चूक होते. कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून ओलसर होतात. त्या ओलीला सोडियम लागलं की हायड्रोजन आणि उष्णता एकदमच तयार होतात, मग पेट घ्यायला वेळ लागत नाही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तर पाणीच असतं.

सध्या एवढं सांभाळा:

- सोडियम, पोटॅशियम कोरड्या खनिज तेलात पूर्ण बुडवून, वेगळ्या कपाटात.
- चिमटा, सुरी कोरडी ठक्क.
- पोटॅशियमवर पिवळा-नारिंगी थर दिसला तर कापू नका, खरवडू नका. तो सुपरऑक्साइड (पोटॅशियमचं जास्त ऑक्सिजन असलेलं संयुग) असू शकतो, घर्षणानेही स्फोट होतो. जाणकाराला बोलवा.
- या धातूंच्या आगीवर पाणी, फेस, कार्बन डायऑक्साइड नाही. फक्त डी वर्गाची (धातूंच्या आगीसाठीची) कोरडी पावडर.