मधपेटी आणण्याआधी शिवारातला फुलोरा मोजा

प्रश्न : जावळी तालुक्यात डोंगरालगत आमचे घर आहे, मागे सहा गुंठे परसबाग. घरापुरता मध मिळावा म्हणून मधपेटी ठेवायची आहे. मेलिफेरा (युरोपीय) माशी जास्त मध देते म्हणतात. तीच आणू का?

उत्तर : ताई, मेलिफेरा नको. ती मध जास्त देते हे खरे, पण तिला फुलोराही तसाच दांडगा लागतो. तिचे मधपाळ एका भागातला बहर संपला की पेट्या गाडीत घालून दुसऱ्या मुलखात जातात. घर सोडून तुम्हाला ते जमणार नाही. तुमच्या डोंगरातली माशी सातेरी. ढोलीत, भिंतीच्या पोकळीत ती पिढ्यान्‌पिढ्या राहते, म्हणून पेटीतही रुळते. आग्या माशी पेटीत घालून देतो असे कोणी सांगितले तर त्याला वाटेला लावा. ती उघड्यावरच पोळे बांधते.

सहा गुंठ्यांवर माश्यांचे पोट भरत नाही. सातेरी साधारण किलोमीटरभर चरते, म्हणून हिशेब शिवाराचा करायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्यागणिक काय फुलते ते लिहा : जांभूळ, हिरडा, गेळा, शेवगा, लिंबू, कारळा. तुमच्याकडे खरी अडचण पावसाळ्याची. धो धो पावसात माशी बाहेर पडत नाही आणि साठवलेला मध आपण काढून घेतलेला असतो. तेव्हा साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडला तर मुंग्या येतात, दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटालूट करतात. नवख्या मधपाळाने वसाहत गमावण्याचा धोका याच चार महिन्यांत असतो.

सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, आणि एक नव्हे, दोन पेट्यांनी. एकीची राणी मेली तर दुसरीतली अंडी असलेली पोळ्याची चौकट देता येते. त्यातून माश्या नवी राणी घडवतात. पेटीचे तोंड पूर्वेला, दुपारी सावली, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. गोठा आणि मुलांची वाट पेटीच्या तोंडासमोर नको. आठ-दहा दिवसांनी कोरड्या उन्हात पेटी उघडून पाहा. राणी दिसलीच पाहिजे असे नाही, पोळ्याच्या घरांत ताजी अंडी दिसली तरी पुरे. रिकामी जुनी पोळी काढून टाका, मेणकिडा तिथेच शिरतो. मध फक्त मधकोठीतला, म्हणजे पेटीच्या वरच्या कप्प्यातला, तोही मेणाने बंद झालेल्या घरांतला घ्या. उघड्या घरांतला पातळ मध आंबतो.

महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. तिथे प्रशिक्षण मिळते, मधपेट्यांवर 50 टक्के अनुदानाची योजनाही आहे. जवळचे मांघर 2022 साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पैसे भरण्याआधी तिथल्या मधपाळांच्या पेट्या उघडलेल्या पाहून या.

प्रश्न : तासगावला द्राक्षबाग आहे. पेट्या ठेवल्या तर उत्पन्न वाढेल का? माश्या मणी फोडतात का?

उत्तर : द्राक्षाची फळधारणा मुख्यतः स्वपरागीभवनाने होते, त्यामुळे त्यासाठी पेट्या घेऊ नका. माशीला सालही फोडता येत नाही. तडकलेल्या किंवा पक्ष्यांनी टोचलेल्या मण्यातला रस ती चोखते. शेजारी डाळिंब, सूर्यफूल किंवा कांदा बियाण्याचा प्लॉट असेल तर मात्र पेट्या उपयोगी पडतील. अशा वेळी फवारणी माश्या घरी परतल्यावर संध्याकाळीच करायची, आणि इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधे फुलोऱ्यात वापरायचीच नाहीत. शेजारच्या बागायतदारांशी हे आधी ठरत नसेल, तर पेट्या तुमच्या बागेत आणूच नका.