ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, आता पुढे काय?

"एवढी वर्षं बर्फावर घातली आणि ड्राफ्टमध्ये नाव नाही. आता याला हॉकी सोडून अभ्यासाला लाग म्हणून सांगू का?" जूनअखेर एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट (संघांनी तरुण खेळाडू निवडायचा कार्यक्रम) उरकला की कॅनडातल्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. ऑन्टारिओतल्या एका मराठी घरातला अनुभव त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा ओएचएलमध्ये, म्हणजे ऑन्टारिओच्या ज्युनियर हॉकी लीगमध्ये, डिफेन्समन (बचाव करणारा खेळाडू). ड्राफ्टचे दोन्ही दिवस घरचे सगळे टीव्हीसमोर बसून होते. 32 संघ, 7 फेऱ्या, 224 नावं, आणि त्यात याचं नाही. त्यानंतर त्याने मित्रांचे फोन घेणं बंद केलं आणि आठवड्यातले सहा दिवस सराव सुरू केला. काही आठवड्यांतच जांघ दुखायला लागली. ते त्याने घरी सांगितलंच नाही. "जेवायला हाक मारली की भूक नाही म्हणतो," एवढंच आईला दिसत होतं.

तो माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या भेटीत मी हॉकीचा विषय काढला नाही. झोप कशी आहे, खाणं किती आहे, जीव नकोसा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारलं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती खरी नाही. तो "नाही" म्हणाला. "हो" म्हणाला असता तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच हाताळावं लागलं असतं. कॅनडात आणि अमेरिकेत त्यासाठी 988 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मग त्याने विचारलं, "माझं संपलं का?" इथे नुसता धीर देऊन भागत नाही, नियम आणि तारखा समोर मांडाव्या लागतात. 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण होणारी मुलं त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र ठरतात. याचा जन्म ऑगस्टचा, म्हणजे तो आपल्या तुकडीतल्या सगळ्यात लहान मुलांपैकी. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर जन्मलेला मुलगा त्याच तुकडीत असतो आणि याच्यापेक्षा जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठा असतो. या वयात अकरा महिन्यांत खांदे भरतात, पायांत जोर येतो. शिवाय 19व्या आणि 20व्या वर्षी मिळून अजून दोन ड्राफ्ट त्याला खुले होते. त्यातही नाव आलं नाही, तर कुठल्याही संघाशी थेट करार करायला तो मोकळा. आणि ज्यांची निवड झाली त्यांना तरी लगेच नोकरी कुठे मिळते? क्लबला त्या मुलाशी करार करण्याचा हक्क तेवढा मिळतो.

वडिलांना ओएचएलचा करार घेऊन यायला सांगितलं. सही झाल्यापासून तो कपाटातच होता. त्यातलं शिक्षणाचं कलम आम्ही एकत्र वाचलं: किती हंगामांमागे किती वर्षांची फी, ती कधीपर्यंत वापरायची, कुठल्या करारावर सही केली की हक्क जातो. प्रत्येकाच्या करारात हे वेगळं असू शकतं. त्यामुळे शेजारच्या मुलाचं ऐकून काहीही गृहीत धरू नका. मुदत उलटून गेल्यावर धावपळ करणारी कुटुंबं बघवत नाहीत. दुसरं म्हणजे, 1 ऑगस्ट 2025 पासून ओएचएलमध्ये खेळलेल्यांनाही अमेरिकेतल्या एनसीएएच्या (कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या) पहिल्या विभागात खेळता येतं. आधी हा रस्ता त्यांना जवळपास बंदच होता. मात्र एनएचएलच्या करारावर सही झाली की तो पुन्हा बंद होतो. कॅनडातल्या विद्यापीठांची यू स्पोर्ट्स स्पर्धा तर आहेच.

या सगळ्यात एक माणूस पैसे आगाऊ घेऊन "निवड चाचणीला नक्की बोलावणं आणतो" म्हणत होता. खरा एजंट एनएचएलपीएकडे (एनएचएल खेळाडूंच्या संघटनेकडे) नोंदलेला असतो आणि त्याची कमाई खेळाडूच्या करारातल्या टक्क्यांतून होते. बोलावण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पैसे दिले नाहीत ते बरं झालं.

जांघेसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्या स्नायूंच्या 80 टक्क्यांहून कमी असेल, तर जांघेचा स्नायू दुखावण्याचा धोका कैक पटींनी वाढतो, हे एनएचएलच्या खेळाडूंवरच्या अभ्यासात दिसलेलं आहे. याचं नेमकं तेच होतं. दुखणं शमेपर्यंत बर्फावर उतरणं बंद, मग हळूहळू कोपनहेगन प्लँक (मांडीच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम). बर्फ बंद म्हटल्यावर तो रडला. ते रडू बाहेर येणं फार गरजेचं होतं.

त्यानंतर त्याने प्रशिक्षकांना एकच प्रश्न लिहून पाठवला: "स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारा) माझ्या विरोधात काय लिहीत असेल?" उत्तर आलं, "पक आणायला जाताना मागे बघत नाहीस." प्रतिस्पर्ध्याने पक (आइस हॉकीची रबरी चकती) कोपऱ्यात टाकला की डिफेन्समन वळून त्यामागे धावतो. निघताना एकदा आणि पकपाशी पोचायच्या आत पुन्हा एकदा खांद्यावरून मागे बघावं लागतं: मागचा कुठल्या बाजूने येतोय, आपला माणूस कुठे मोकळा आहे. न बघणारा पक आंधळेपणाने बोर्डवरून (मैदानाभोवतीच्या भिंतीवरून) भिरकावतो, किंवा बोर्डकडे तोंड असताना धडक खातो. डोक्याला मार लागायची भीती तिथेच असते. ही सवय 18व्या वर्षीही लावता येते. त्याने स्वतःच्या शिफ्टचे (सामन्यात बर्फावर उतरण्याच्या पाळ्यांचे) व्हिडिओ काढून दर दहा वेळांत किती वेळा मागे पाहिलं ते मोजायला घेतलं. मोजता येईल असं काही हातात आल्यावर "मी चांगला आहे का" हा प्रश्न रात्री छळायचा कमी झाला.

वडिलांना एकच पथ्य सांगितलं: सामन्यानंतर गाडीत खेळाची चिरफाड करायची नाही. मुलाने विषय काढला तरच बोलायचं.

मार्क जिओर्डानोचं उदाहरण मुद्दाम उशिरा दिलं. तोही ओएचएलचा डिफेन्समन, ड्राफ्टमध्ये कधीच निवडला न गेलेला. विद्यापीठात जायच्या बेतात असताना एनएचएलमधल्या कॅल्गरी संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं, आणि 2019 मध्ये, वयाच्या 35व्या वर्षी, त्याला सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली. पहिल्याच आठवड्यात असं उदाहरण दिलं की मुलाला ते ओझं वाटतं. असे फार थोडे असतात, हेही त्याला सांगितलं.

पुढच्या ड्राफ्टमध्येही त्याचं नाव आलं नाही. या वेळी मात्र अमेरिकेतल्या एका कॉलेजशी बोलणी सुरू होती. पुढच्या वर्षी तो 20चा होणार होता; ओएचएल संघात 20 वर्षांच्या खेळाडूंना तीनच जागा असतात आणि हंगामाच्या तोंडावर त्यातलं कोणीही वगळलं जाऊ शकतं. म्हणून कॉलेजचं लेखी उत्तर ऑगस्टच्या आत मागवायचं ठरलं, आणि ते पत्र त्याने स्वतःच लिहिलं.