‘मॅडम, हा पुढं खुनी होणार का?’

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातले वडील सहावीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. आग लावणारी, जनावरांना छळणारी आणि मोठेपणीही अंथरुणात शू करणारी मुलं पुढे खुनी होतात, असं त्या व्हिडिओत कुणीतरी छातीठोक सांगत होतं. “ह्यातल्या दोन गोष्टी हा करतो, मॅडम.” मुलगा शेजारीच बसून ऐकत होता.

हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो, आणि बहुतेकदा त्याच व्हिडिओच्या वळणाचा. त्यामागची गोष्ट अशी. मॅकडोनाल्ड नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ साली, खुनाच्या धमक्या दिलेल्या सुमारे शंभर रुग्णांवरून या तीन लक्षणांचं निरीक्षण मांडलं. तेवढ्यावरून लोकांनी भविष्य सांगायला सुरुवात केली. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. अंथरूण ओलं होण्याचा तर गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही. त्यासाठी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी दिली आणि तो विषय तिथंच मिटवला.

आगीचा मात्र मिटवता येत नव्हता. तीन वेळा झालं होतं. पहिल्यांदा बांधावरचं पाचट. त्याकडे कुणी लक्षही दिलं नाही, कारण पाचट तर सगळेच पेटवतात. मग शाळेमागचं वाळलेलं गवत. आणि तिसऱ्यांदा घरची कडब्याची गंजी, पाचएकशे पेंढ्यांची. शेजाऱ्याचं पत्र्याचं शेड थोडक्यात वाचलं. आज्जीनं ‘कळू दे जाळ म्हणजे काय’ म्हणून मनगटावर चटका दिला होता. त्याचा डाग अजून लालसर होता. आता ठाण्यात नेऊन फौजदाराकडून दम द्यायचा बेत होता. मी दोन्हीला सरळ नाही म्हटलं. चटक्यानं मूल आगीला भीत नाही, आज्जीला भितं. आणि बारा वर्षांखालच्या मुलाला आपल्या कृत्याची समज होती का, हे कायदाही आधी बघतो. अशा मुलाला पोलिस कोठडीत ठेवताच येत नाही. खोटा दम कशाला?

पहिल्या भेटीत मीही चूक केली. “का लावलीस?” असं विचारून बसले. पाऊण तास तो चपलेचा अंगठा कुरतडत राहिला. खरं तर हा ‘का’ मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही.

दुसऱ्या भेटीत कागदावर सहा चौकोन आखून दिले. म्हटलं, गंजी पेटली त्या दिवसाची चित्रकथा काढ, आग लागायच्या बरीच आधीपासून. पहिल्या चौकोनात त्यानं दावण काढली. खुंटा, खुंट्याला दावं, आणि दाव्याला काहीच नाही. “खोंड कुठाय?” “इकला. सांगोल्याच्या बाजारात.” दोन वर्षं त्यानंच सांभाळलेला खिलार खोंड कर्जापायी गेला होता. त्याला कुणी सांगितलंच नाही. शाळेतून आला तर खुंटा रिकामा. त्या दिवसापासून वडीलही घरात कुणाशी धड बोलत नव्हते. मग कडब्याचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “खायला कोण हाय?”

इथं मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं होतं. पण खरी गोम पाचव्या चौकोनात होती. तिथं कळश्या, बादल्या, पळणारी माणसं, आणि मधोमध दोन आकृत्या एकमेकींना चिकटलेल्या. “हे कोण?” “मी आन् पप्पा. पप्पांनी धरलेलं.” ‘आग लागली’ म्हणून ओरडत गेलेला पहिला माणूस हा मुलगाच होता. आणि कित्येक आठवड्यांनी त्याला बापाचा हात लागला तो त्या जाळापाशी.

व्हिडिओ विचारतो, मूल पुढे कोण होणार. मी विचारते, आगीनं त्याला काय मिळवून दिलं. मुलाच्या बाबतीत कामाला येतो तो हाच प्रश्न.

‘पायरोमेनिया’ हा शब्दही वडिलांनी ऐकून ठेवला होता. तो विकार फार दुर्मिळ. त्यात आग लावण्याआधी मनात ताण चढतो, ज्वाळा बघताना सुख किंवा सुटका वाटते, आणि मागे राग, पैसा किंवा पुरावा लपवणं असं काही नसतं. बांधाच्या भांडणातून दुसऱ्याची गंजी किंवा उभा ऊस पेटवणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. तो सूड असतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली गुन्हाही. हा मुलगा दोन्हींत नव्हता. पण ठरवून, लपूनछपून, माणसं झोपलेल्या घराला आग लावणारं, जोडीला चोरी, मारहाण, जनावरांचा छळ करणारं आणि कशाचंच वाईट न वाटणारं मूल असेल, तर ते माझ्या एकटीचं काम नाही. त्याला बालमनोविकारतज्ज्ञांकडेच न्यावं लागतं.

आणि हेतू कसाही असो, कडबा पेटायचा तसाच पेटतो. म्हणून पहिलं काम काड्यापेटी आणि लायटर कुलपात. आज्जी महिनाभर कुरकुरत होती, चुलीला दर वेळी किल्ली मागावी लागे. वडिलांनी खोंड का विकला, कर्ज किती आहे, हे मुलाला समोर बसवून सांगितलं. त्यांना ते फार जड गेलं, मध्येच उठून बाहेर जाऊन आले. शेजाऱ्याचा कडबा रचायला बाप-लेक चार रविवार गेले. आणि रोज रात्री अर्धा तास दोघांनी रानात चक्कर मारायची, मोबाइल घरी ठेवून. यातलं हे शेवटचंच सगळ्यात जास्त चुकलं, पण सुटलं नाही.

फाल्गुनात वडिलांचा फोन आला. “होळीला ह्याला जवळ येऊ द्यायचं का?” क्षणभर मीही घुटमळले. मग म्हटलं, काडी तुम्ही ओढा, नारळ त्याच्या हातून वाहू द्या आणि पाण्याची कळशी जवळ ठेवा. दुसऱ्या दिवशी कळलं, जळता नारळ काठीनं बाहेर ओढायच्या नादात त्यानं आज्जीच्या शिव्या खाल्ल्या. गल्लीतल्या बाकीच्या पोरांबरोबरच.