रंगीत व्हर्जन असताना जुने ब्लॅक अँड व्हाइट डिकन्स-ब्राँटे कशाला बघायचे?

तुमचा प्रश्न असा आहे की व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांवर १९३० ते ५० च्या दरम्यान निघालेले ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे आज बघण्यात काही मजा आहे का, की सरळ नवीन रंगीत सिरीज लावावी, आणि पुस्तक आधी वाचायलाच हवं का. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, वाचायलाच हवं असं काही नाही. मी स्वतः उलटंच केलंय.

साताऱ्याला बीए करत असताना आम्हाला डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' होतं. पुस्तकाची जाडी बघून निम्म्या वर्गाने गाइड घेतलं, त्यात मीपण होते, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस सरांनी कुठून तरी व्हीसीडी आणली, डेव्हिड लीनचा १९४६ चा सिनेमा, आणि पडदे लावून वर्गातच दाखवला. डिस्क दर दहा मिनिटांनी अडकायची, पंखा बंद, उकडून जीव चाललेला, आणि तरी पहिल्या पाच मिनिटांत अख्खा वर्ग एकदम किंचाळला. तो सीन असा आहे की खाजणाच्या कडेने एक लहान पोरगा एकटाच पळत चाललाय, वाटेत फाशीचे खांब उभे, वर नुसतं आभाळ. तो दफनभूमीत शिरतो, आईबापाच्या थडग्यापाशी गुडघे टेकतो, वारा सुटलेला असतो, झाडाची फांदी कुरकुरते, एक जुनं खोड तर माणसाच्या तोंडासारखंच दिसतं, पोरगा घाबरून उठून पळायला लागतो आणि थेट एका आडदांड कैद्याच्या अंगावर जाऊन आपटतो. बस. आधी सावली नाही, पावलांचा आवाज नाही, काही इशारा नाही. लीन दिग्दर्शक व्हायच्या आधी एडिटर होता हे मला नंतर कळलं, आणि मग वाटलं, हां, बरोबर, हे कात्रीवाल्या माणसाचंच काम.

त्या दफनभूमीतलं चर्च स्टुडिओत बांधलेलं होतं, मुद्दाम छोटं, म्हणजे कॅमेऱ्यातून ते लांब आणि मोठं वाटावं. रंगीत असतं तर बहुतेक लगेच कळलं असतं की हे नाटकातल्या सेटसारखं आहे. काळ्या-करड्यात ते खपून जातं. माझं या सगळ्या सिनेमांबद्दल हेच म्हणणं आहे, की ब्लॅक अँड व्हाइट ही त्यांची अडचण नव्हती, लपवायची सोय होती. त्यांना जे लपवायचं होतं ते त्यांनी त्यात लपवलं. कधी सेट, कधी मेकअप, आणि एका केसमध्ये तर चक्क एका बाईचं जन्मगाव. ते पुढे सांगते.

मिस हॅविशमचंच बघा. लग्नाच्या दिवशी नवऱ्याने फसवलं म्हणून ही बाई तोच ड्रेस घालून वर्षानुवर्षं बंद खोलीत बसलेली, घड्याळं सगळी नऊला वीस कमी असताना थांबवलेली. पुस्तकात डिकन्स सांगतो की जे जे पांढरं असायला हवं होतं ते सगळं पिवळं पडलंय. आता ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पिवळं दाखवणार कसं? तर लीनने ते धूळ, जाळी आणि मेणबत्तीच्या उजेडावर भागवलंय, आणि मार्टिटा हंटच्या त्या विस्कटलेल्या पांढऱ्या केसांवर. मी नंतर हा सिनेमा घरी आईबरोबर परत बघितला, ती मटार सोलत बसली होती, इंग्रजी तिला फारसं कळत नाही. जाळ्यांनी भरलेला लग्नाचा केक बघून म्हणाली, "एवढी वर्षं उघडा ठेवलाय आणि मुंग्या नाही लागल्या?" आणि मग दोन मिनिटांनी मटार तसाच हातात, "हिचं मन कुणी वळवलं कसं नाही गं." म्हणजे पोचलं ना.

आणि हो, पुस्तकातलं बरंच काही सिनेमात नाहीये. ऑर्लिक नावाचा एक अख्खा माणूस कापलाय, जो कादंबरीत चांगलाच उपद्व्यापी आहे. सिनेमा दोन तासांच्या आत संपतो. परीक्षेत मी ऑर्लिकवर शून्य लिहिलं कारण मला तो कोण हेच माहीत नव्हतं, त्यामुळे विद्यार्थी असाल तर सावध राहा. पण सिनेमा म्हणून विचाराल तर तो गेल्याचं मला तरी अजिबात दुःख नाही. याला कॅमेऱ्याचं आणि कलादिग्दर्शनाचं अशी दोन ऑस्कर मिळाली, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट विभागातली, तेव्हा तसे वेगळे विभाग असायचे.

लपवण्याचं सगळ्यात भारी उदाहरण मात्र त्याच्याही आधीचं, १९३१ चा 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड'. रूबेन मामूलियनचा, फ्रेड्रिक मार्च हिरो. (कथा १८८६ ची, तशी छोटीशीच आहे, एका संध्याकाळी होते.) यात सज्जन डॉक्टरचा राक्षस होताना दाखवलाय आणि सुरुवातीचा बदल कट न घेता, तुमच्या डोळ्यांसमोर, चेहऱ्यावर काळ्या रेषा उमटत जातात. कॉम्प्युटर तर नव्हताच, मग कसं केलं? लहानपणी तुम्ही लाल जिलेटिन कागद डोळ्यावर धरून लाल पेनने लिहिलेलं वाचायचा प्रयत्न केलाय का? दिसत नाही, गायब होतं. तेच. चेहऱ्यावर लाल रंगाचा मेकअप आधीच करून ठेवला होता, कॅमेऱ्यापुढे लाल फिल्टर असताना तो दिसत नव्हता, आणि फिल्टर हळूहळू बदलला की त्याच रेषा काळ्या होऊन वर येतात. मार्च नुसता बसून तोंड वेडंवाकडं करतोय. कॅमेरामन कार्ल स्ट्रसने ही युक्ती आधी मूकपटात कुष्ठरोगी बरे होतात त्या सीनसाठी उलट्या दिशेने वापरली होती. मामूलियनने हे गुपित कित्येक वर्षं सांगितलंच नाही. रंगीत फिल्मवर ही गंमत शक्यच नाही, लाल लालच दिसणार. मार्चला याच्यासाठी ऑस्कर मिळालं, एका भुताच्या सिनेमाला, त्या काळात.

याच्या बरोबर उलटी आयडिया 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' (१९४५) मध्ये आहे. सगळा सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, आणि फक्त ते चित्र, जे हिरोऐवजी म्हातारं आणि घाणेरडं होत जातं, ते तेवढं अचानक टेक्निकलरमध्ये समोर येतं. तोपर्यंत डोळ्याला काळ्या-पांढऱ्याची इतकी सवय झालेली असते की तो हिरवा-लाल सडका रंग बघून खरंच पोटात ढवळतं. ते सडलेलं चित्र इव्हान ऑलब्राइट नावाच्या चित्रकाराने काढलेलं, आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये लावलंय. बाकी सिनेमा जरा थंड आहे, हिरोचा चेहरा दगडासारखा, ते मुद्दाम असेल पण दीड तासानंतर कंटाळा येतो.

शार्लट ब्राँटेच्या कादंबरीवरचा 'जेन एअर' (ऑर्सन वेल्स आणि जोन फाँटेन) धुकं आणि वाड्यासाठी बघा, फक्त सुरुवातीला पुस्तक उघडून जो मजकूर दाखवतात तो पुस्तकात नाहीचे, सिनेमावाल्यांनी स्वतः लिहून छापलाय. मी तो शोधायला पहिलं प्रकरण दोनदा चाळलं. १९३५ चा 'डेव्हिड कॉपरफील्ड' मिकॉबर या कायम कर्जात बुडालेल्या पात्रासाठी बघा, डब्ल्यू. सी. फील्ड्स बिनधास्त अमेरिकन उच्चारात बोलतो आणि तरी तो मिकॉबरच वाटतो.

'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८, परत लीन) बद्दल मात्र मी सरसकट बघाच असं म्हणणार नाही. सिनेमा जबरदस्त आहे, नॅन्सीच्या खुनाच्या वेळी मारहाण दाखवतच नाहीत, बाहेर पडायला धडपडणारा, दार ओरबाडणारा कुत्रा दाखवतात, आणि ते बघवत नाही. पण फेगिनचं, म्हणजे पोरांकडून चोऱ्या करवणाऱ्या ज्यू म्हाताऱ्याचं, ते लांबलचक नाक. जुन्या पुस्तकातल्या क्रूकशँकच्या चित्रांवरून केलंय असं समर्थन होतं, पण युद्ध आणि ज्यूंचं हत्याकांड संपून तीनच वर्षं झाली होती, आणि ज्यू माणसाचं असं व्यंगचित्र पडद्यावर. १९४९ मध्ये बर्लिनला लोक रस्त्यावर उतरले, अमेरिकेत तर १९५१ पर्यंत रिलीज झाला नाही आणि झाला तो कापून. फेगिन झालेला अॅलेक गिनेस हाच दोन वर्षं आधी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला हिरोचा गोड मित्र हर्बर्ट पॉकेट होता, यावर माझा विश्वासच बसला नव्हता, नटाचं कौतुक वाटतं आणि त्याच वेळी कसंतरीही होतं. मुलांना दाखवणार असाल तर आधी त्यांच्याशी बोला.

आता ती जन्मगावाची गोष्ट. एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरचा 'वुदरिंग हाइट्स', १९३९, दिग्दर्शक विल्यम वायलर, घरात आणून वाढवलेला अनाथ पोरगा हीथक्लिफ झालाय लॉरेन्स ऑलिव्हिए आणि त्याच्यावर जीव असलेली त्या घरातली मुलगी कॅथी झालीय मर्ल ओबेरॉन. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की अर्धी कादंबरी गायब आहे, म्हणजे पुढच्या पिढीची अख्खी गोष्टच घेतली नाहीये, कॅथी मेली की जवळपास संपलं. यॉर्कशरचा तो माळ पण खरा नाही, लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरावर उभा केलाय. कॅमेरा ग्रेग टोलँडचा, त्याला याच सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. शेवटी दोघांची भुतं हातात हात घालून बर्फातून चालत जातात, तो शॉट वायलरला नको होता, निर्माता गोल्डविनने दुसऱ्याकडून डुप्लिकेट वापरून घेतला. ते दिसतंच, मराठी मालिकेचा शेवटचा एपिसोड वाटतो अगदी.

मग कादंबरी वाचली. आणि त्यात हीथक्लिफ काळासावळा आहे हो. लिव्हरपूल बंदराच्या रस्त्यावर सापडलेलं पोर, कुठलं कुणास ठाऊक. शेजारचा लिंटन त्याला बघून म्हणतो हा छोटा लॅस्कार असेल. लॅस्कार म्हणजे आपल्याकडचे खलाशी, गोऱ्यांच्या जहाजांवर राबणारे, शब्द आपल्या लष्कर शब्दाचाच भाऊ आहे, आणि मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी कितीतरी असायचे. आणि नेली, त्या घरातली मोलकरीण, त्याची समजूत काढताना म्हणते की तुझा बाप चीनचा बादशहा आणि आई हिंदुस्थानची राणी असेल, कोणी सांगावं. १८४७ च्या पुस्तकात! हे वाचून मी अर्धा तास पुस्तक बाजूला ठेवून नुसती बसून राहिले.

सिनेमात हे काम गोऱ्या ऑलिव्हिएला दिलं. आणि त्याच्यासमोर यॉर्कशरची गोरी मालकीण म्हणून जी उभी आहे ती मर्ल ओबेरॉन १९११ मध्ये आपल्या मुंबईत जन्मलेली, कलकत्त्यात वाढलेली, अँग्लो-इंडियन. शार्लट नावाची सिलोनची बाई, जिला ती आई समजायची, ती खरं तर तिची आजी. स्टुडिओने जगाला सांगितलं मर्ल टास्मानियात जन्मली, आणि ते ती मरेपर्यंत, १९७९ पर्यंत, सांभाळत राहिली. खरं काय ते नंतर चरित्र आलं तेव्हा सगळ्यांना कळलं. १९३५ च्या सिनेमासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नॉमिनेशन होतं, त्यामुळे २०२३ मध्ये मिशेल यो या अभिनेत्रीचं नाव आलं तेव्हा पहिली आशियाई कोण यावरून मर्लचं नाव परत निघालं होतं. तिने रंगीत सिनेमेही केलेत, म्हणजे केवळ ब्लॅक अँड व्हाइटमुळे ती लपली असं नाही. पण लाइट नीट लावला की करड्या रंगात कोण कुठलं, काही कळत नाही, एवढं खरं.

आता तो सीन परत लावा जिथे कॅथी हीथक्लिफला म्हणते की तुझी आई हिंदुस्थानची राणी होती. ते वाक्य सिनेमात ठेवलंय. सेटवर कुणाला काय माहीत होतं, आणि मर्लने स्क्रिप्टमध्ये ते वाचलं तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल, मला दरवेळी तेच वाटत राहतं. ऑलिव्हिएचं आणि तिचं सेटवर अजिबात पटत नव्हतं, ते वेगळंच.

हीथक्लिफला आपल्याकडचा चेहरा मिळाला तो मुंबईतच, आपल्या दिलीपकुमारचा. १९५० चा 'आरजू' याच गोष्टीवर बेतलेला, १९६६ चा 'दिल दिया दर्द लिया' पण, तो रंगीत. आणि १९५२ चा 'संगदिल' म्हणजे 'जेन एअर', दिलीपकुमार आणि मधुबाला, सज्जाद हुसेनचं संगीत. माझ्या बाबांना तलतची गाणी पाठ होती पण ही गोष्ट इंग्रजी पुस्तकातली आहे हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि सांगितल्यावर ते जरा नाराजच झाले.

तर सुरुवात 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ने करा, मग 'जेकिल', मग 'वुदरिंग हाइट्स', आणि हा तिसरा मात्र पुस्तकाची निदान पहिली दहा प्रकरणं वाचून बघा, नाहीतर लॅस्कार सुटेल. पहिल्याला खोलीतला दिवा बंद ठेवा आणि हातात चहाचा कप वगैरे ठेवू नका. माझ्या आईचे अर्धे मटार सोफ्याखाली गेले होते.