वाचकांचे प्रश्न : मध्येच दाखल झालेल्यांचं यश कसं मोजायचं?

प्रश्न : आमच्या विद्यापीठात दरवर्षी बरेच विद्यार्थी आधी दुसरीकडे एक-दोन वर्षं शिकून मग येतात. ते इथे कितपत यशस्वी होतात, याचा अहवाल तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. वरिष्ठांना एकच टक्केवारी हवी आहे. काही सहकारी प्राध्यापक म्हणतात, या मुलांचे पहिल्या सत्रातले गुणच बघा आणि त्यांच्या जागा कमी करा. सुरुवात कुठून करू?
— एक प्राध्यापक

उत्तर : एक टक्केवारी द्यावी लागली तर द्या, पण ती सगळ्यात शेवटी काढा. आधी दोन गोष्टी पक्क्या करा : मोजणी कुठल्या दिवसापासून सुरू होते आणि या विद्यार्थ्यांची तुलना कोणाशी होते.

विद्यापीठाच्या नोंदी सांभाळण्यात आणि त्यांतून आकडे काढण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. मध्येच दाखल झालेला विद्यार्थी या नोंदींमध्ये सगळ्यात दुर्लक्षित राहतो, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत एका कॉलेजातून दुसरीकडे जाण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळलेली आहे. पण तिथेही 1990च्या कायद्याने विद्यापीठांना पदवी पूर्ण होण्याचं प्रमाण जाहीर करायला लावलं, तेव्हा मोजणीत धरले ते फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले पूर्णवेळ विद्यार्थी. चार वर्षांच्या पदवीसाठी त्यांना सहा वर्षांची मुदत धरली. मध्येच आलेला विद्यार्थी उत्तम गुणांनी पदवीधर झाला तरी त्या आकड्यात त्याचा पत्ता नव्हता. उलट, एखादा सोडून गेला आणि दुसरीकडे पदवीधर झाला, तरी पहिल्या विद्यापीठाच्या खात्यावर तो पदवीपर्यंत न पोचलेलाच. अशा बाहेरून आलेल्यांची वेगळी तुकडी धरून, सहा आणि आठ वर्षांनी त्यांचं काय झालं हे देशपातळीवर नोंदवायला तिथे 2015-16 साल उजाडलं. तेव्हा तुमच्या विद्यापीठात या विद्यार्थ्यांचा धड आकडा नसेल तर त्यात नवल नाही, पण तो काढायला घेतलात हे फार चांगलं केलंत.

आता तुलनेकडे येऊ. समजा, पहिल्या वर्षाला 200 विद्यार्थी आले. तिसरं वर्ष सुरू होईपर्यंत त्यांतले 160 उरले आणि शेवटी 128 पदवीधर झाले. त्याच तिसऱ्या वर्षाला बाहेरून 50 जण आले, त्यांतले 36 पदवीधर झाले. बाहेरून आलेल्यांचं प्रमाण 72 टक्के. इथल्यांचं पहिल्या वर्षापासून धरलं तर 64 टक्के, तिसऱ्या वर्षापासून धरलं तर 80 टक्के. नोंदी त्याच, पण एका हिशेबात बाहेरचे पुढे आहेत आणि दुसऱ्यात मागे. यातला दुसरा हिशेब न्याय्य आहे. बाहेरून आलेल्यांनी पहिली दोन वर्षं दुसरीकडे तग धरलेला असतो, म्हणून त्यांच्यासमोर इथेही दोन वर्षं तग धरलेलेच उभे करायला हवेत. पहिल्याच वर्षी गळालेल्यांना इथल्यांच्या बाजूला ठेवलं, तर बाहेरचे उगाच उजळ दिसतात.

पण 72 विरुद्ध 80 एवढ्यावर थांबू नका, कारण पुढची पायरी बहुतेक अहवालांत गाळलेली असते. समजा, त्या 50 पैकी 40 जण संगणक विभागात गेले आणि त्यांतले 28 पदवीधर झाले. इथल्या 160 पैकी संगणकात 40च होते आणि त्यांतलेही 28च पदवीधर झाले. दोन्हीकडे 70 टक्के. बाकीच्या विभागांत बाहेरच्या 10 पैकी 8 आणि इथल्या 120 पैकी 100, म्हणजे 80 आणि 83 टक्के. दहा जणांत एक विद्यार्थी म्हणजेच दहा टक्के, तेव्हा या तीन टक्क्यांना काही अर्थ नाही. मग आठ टक्क्यांची ती दरी गेली कुठे? ती विद्यार्थ्यांमध्ये नव्हतीच. बाहेरून येणारे जास्त करून अवघड विभागात जात होते, एवढंच. हा चकवा संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. बर्कली विद्यापीठाच्या 1973च्या प्रवेशांत एकूण आकडे पाहता स्त्रियांवर मोठा अन्याय झाल्यासारखं दिसत होतं. विभागवार पाहिल्यावर चित्र पालटलं, कारण ज्या विभागांत प्रवेश मिळणं सगळ्यांनाच कठीण होतं तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. तुमच्या सहकाऱ्यांसमोर विभागवार तक्ता ठेवा. जागा कमी करण्याची चर्चा तो तक्ता पाहिल्यावरच व्हावी.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो विद्यार्थ्यांपेक्षा विद्यापीठाबद्दल आहे. येणाऱ्याने आधी मिळवलेल्या क्रेडिटचं, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणाऱ्या एककांचं, तुम्ही काय करता? इथे तीन वेगळे आकडे लागतात : त्याने मिळवलेली क्रेडिट, तुम्ही मान्य केलेली क्रेडिट, आणि मान्य केलेल्यांपैकी त्याच्या पदवीच्या गरजेला प्रत्यक्ष लागू पडलेली क्रेडिट. बहुतेक ठिकाणी मधलाच आकडा मिरवला जातो. ‘आम्ही 60 पैकी 54 क्रेडिट मान्य केली’ हे ऐकायला छान वाटतं. पण त्यांतली 20 ‘ऐच्छिक’ या रकान्यात टाकली असतील आणि त्या पदवीत ऐच्छिक विषयांना जागा आठच क्रेडिटची असेल, तर उरलेली 12 गुणपत्रिकेवर नुसती दिसत राहतात, उपयोग शून्य.

याचा परिणाम किती खोल जातो ते मी जवळून पाहिलं आहे. एका विद्यार्थिनीने आधीच्या कॉलेजात संख्याशास्त्र चांगल्या गुणांनी पूर्ण केलं होतं. विषयाचं शीर्षक जुळत नाही म्हणून तिला तोच विषय पुन्हा घ्यावा लागला. तो वर्षातून एकदाच शिकवला जायचा आणि पुढचे दोन विषय त्याच्यावर अवलंबून होते. तिचं अख्खं वर्ष गेलं. नोंदवहीत मात्र तिच्या नावापुढे एवढंच लागलं की पदवी वेळेत पूर्ण नाही. तिची कुवत कुठेच कमी पडली नव्हती, तरी तो उशीर तिच्या खात्यावर चढला. मला आजही त्या नोंदीचा राग येतो.

ही एकटीची गोष्ट नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने 2017 मध्ये अंदाज दिला होता की, 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी 43 टक्के क्रेडिट वाया गेली. मोनाघन आणि अटेवेल या दोन संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की, ज्यांची जवळजवळ सगळी क्रेडिट सोबत येतात त्यांची पदवी पूर्ण करण्याची शक्यता, निम्म्याहून कमी क्रेडिट आणू शकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून तुमच्या अहवालात ‘किती जण पदवीधर झाले’ याच्या शेजारच्याच रकान्यात ‘सरासरी किती क्रेडिट वाया गेली’ हे छापा, तेही विभागवार. पहिल्या रकान्याचं उत्तर विद्यार्थ्यांकडे मागणार असाल, तर दुसऱ्याचं विभागप्रमुखांकडे मागा.

येणाऱ्या सगळ्यांना एकाच ढिगात टाकू नका. 15 क्रेडिट घेऊन आलेला आणि 60 घेऊन आलेला यांची मुदत सारखी कशी असेल? लागू पडलेल्या क्रेडिटनुसार गट करा. अर्धवेळ शिकणारे वेगळे काढा. नोकरी सांभाळून सत्राला दोनच विषय घेणारा आठ वर्षांनी पदवीधर झाला तर ते यशच आहे, आणि सहा वर्षांवर खिडकी बंद केली तर तो तुमच्या तक्त्यात नापास ठरेल. सोडून गेलेल्यांपैकी किती जण दुसरीकडे शिकत आहेत हेही जमेल तेवढं शोधा. ते गळाले असं धरणं चुकीचं आहे.

गुणांबद्दल थोडंच सांगते. बऱ्याच ठिकाणी आधीचे गुण इथल्या सरासरीत धरत नाहीत, फक्त क्रेडिट धरतात. म्हणजे इथल्या विद्यार्थ्याच्या सरासरीत पहिल्या वर्षाचे सोपे विषय आहेत आणि बाहेरच्याच्या सरासरीत सगळेच वरच्या वर्गातले. अशा दोन सरासऱ्या शेजारी ठेवू नका. एकच विषय, एकच सत्र, एकाच वर्गात बसलेले दोन्हीकडचे विद्यार्थी, एवढीच तुलना करा.

आणि वरिष्ठांना एक आकडा द्यायचाच असेल तर हा द्या : बाहेरून आलेल्यांपैकी किती जणांनी, लागू पडलेल्या क्रेडिटनंतर जितकी सत्रं उरली होती त्यापेक्षा एकच जादा सत्र घेऊन किंवा त्याच्या आत पदवी पूर्ण केली. अर्धवेळवाल्यांची सत्रं त्यांच्या गतीने धरा. हा आकडा सहजासहजी फसवत नाही.

प्रश्न : मी दोन वर्षं एका छोट्या कॉलेजात शिकून मोठ्या विद्यापीठात आले. तिथे मी पहिल्या पाचांत असायचे. इथे पहिल्याच सत्रात गुण खूप घसरले. मी या जागेला लायक नाही असं वाटतं. परत जाऊ का?
— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : एका सत्राच्या निकालावरून परत जायचा निर्णय घेऊ नकोस. तुझ्यासोबत जे झालं ते इतक्या जणांचं होतं की, 1965 मध्ये जॉन हिल्स या संशोधकाने त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ असं नावच दिलं. जागा बदलली की पहिल्या सत्रात गुण खाली येतात, आणि पुष्कळांचे नंतरच्या सत्रांत सावरतात. सगळ्यांचे सावरतात असं मी म्हणणार नाही. पण एकट्या पहिल्या सत्रावरून कोणाचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे, हे मी वरच्या प्राध्यापकांनाही सांगेन.

तू आता एवढं कर. विषयवार बघ. घसरण सगळीकडे सारखी आहे की एक-दोनच विषयांत? गणित-विज्ञानाच्या विषयांत ती जास्त दिसते, कारण तिथे आधीच्या पाठ्यक्रमातली एखादी पायरी राहून गेलेली असते. तसं असेल तर तो विषय शिकवणाऱ्यांना भेट आणि नेमकं विचार, ‘माझ्या आधीच्या पाठ्यक्रमात काय नव्हतं?’ जुना पाठ्यक्रम छापून सोबत ने, म्हणजे बोलणं मुद्द्यावर राहील. दुसरं, तुझी किती क्रेडिट पदवीला लागू पडली ते लेखी मागून घे. एखादा विषय विनाकारण पुन्हा करायला लावला असेल तर समकक्षतेसाठी, म्हणजे जुना विषय इथल्या विषयाइतकाच धरावा यासाठी, अर्ज कर आणि जुन्या प्रश्नपत्रिका व पाठ्यक्रम त्याला जोड. पुढच्या सत्रात सगळे अवघड विषय एकदम घेऊ नकोस. दोन सत्रांनंतरही काहीच हललं नाही तर पुन्हा लिही, तेव्हा परत जाण्याबद्दलही मोकळेपणाने बोलू.

प्रश्न : आमच्या विभागात बाहेरून आलेले चारच विद्यार्थी आहेत. त्यांची टक्केवारी अहवालात छापावी का?
— विभागातली एक कर्मचारी

उत्तर : नाही. चौघांत एक मागे पडला तर प्रमाण थेट 75 टक्क्यांवर येतं, आणि तो एक कोण हे अख्ख्या विभागाला कळतं. तीन-चार वर्षांच्या तुकड्या एकत्र करा किंवा जवळच्या विभागांसोबत जोडून छापा. चारच जण आहेत म्हणजे मोजण्यापेक्षा विचारणं सोपं आहे. प्रत्येकाला अर्धा तास द्या आणि कुठे अडलं ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. मधेच सोडून गेलेला कोणी असेल तर त्याला आधी फोन करा. जे टिकले त्यांनाच विचारलं, तर सोडून जाण्याचं कारण कधीच हाती लागत नाही.