फोन वाजला की छातीत धस्स होतं, वर्षभर तरी शांत काम मिळेल का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय 46. ऐरोलीला एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे, 11 वर्षं झाली, गेली चार वर्षं टीम लीडर. म्हणजे टीममधल्या मुलांना जो कस्टमर आवरत नाही तो माझ्याकडे येतो. असे दिवसाला वीस-पंचवीस कॉल, वर मीटिंगा, वर ग्रुपवरचे मेसेज. मी मुळातली अबोल, लग्नकार्यात सुद्धा चार बायकांत बसण्यापेक्षा भाजी चिरायला बसेन. तरी इतकी वर्षं निभावलं, आणि वाईट केलं असं कोणी म्हणणार नाही. पण गेलं वर्षभर घरचा फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. संध्याकाळी ठाण्याला गाडी बदलून डोंबिवलीला उतरले की मी सरळ घरी जात नाही, प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर पंधरा-वीस मिनिटं नुसती बसते, कारण घरी गेलं की सासूबाई बोलणार, लेक बोलणार आणि माझ्याकडे बोलायला काही उरलेलंच नसतं. लेक पुढच्या वर्षी बारावीला. घराचे हप्ते अजून चार वर्षं आहेत. मिस्टरांची नोकरी आहे, ते म्हणतात सोड, पण नुसती घरी बसले तर मी अजून खचेन. एक-दीड वर्ष कमी ताणाचं काम मिळालं तर हवंय, पगार निम्मा झाला तरी चालेल, पुढचं पुढे बघू. लोक सुचवतात काय तर विम्याची एजन्सी घे, साड्या विक, क्लास काढ. या वयात असं खाली उतरणं चूक आहे का? आणि लोकांना सांगू काय?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी त्या बाकापाशी थांबले. घर दहा मिनिटांवर असताना माणूस बाकावर बसून राहतो तेव्हा तो खरंच रिकामा झालेला असतो, तेव्हा आधी हे सांगते की तुमचं काही चुकत नाहीये.

एजन्सी, साड्या, क्लास, तिन्ही गोष्टी लोकांनी मायेनेच सुचवल्यात, पण तिन्हींचा धंदा बोलण्यावर चालतो. तुम्ही कामाने दमलेल्या नाही आहात असं मला पत्रावरून वाटतं. अनोळखी, चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलत राहायचं, तो फोन ठेवला की दुसरा उचलायचा, आणि संध्याकाळी हातात 'हे मी आज पूर्ण केलं' म्हणून दाखवायला काहीच नाही, त्याने माणूस संपतो. म्हणून काम शोधताना नुसतं 'माणसं नकोत' असं नका ठरवू, ओळखीची चार माणसं असली तर बरंच असतं. फोन कोण उचलतं आणि काम संध्याकाळी संपतं का, या दोन गोष्टी बघा.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. 44 व्या वर्षी मी एका कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी सोडली, तिथे जून-जुलैत ॲडमिशनच्या खिडकीवर पालकांच्या रांगा आणि वर्षभर खिडकीवर मीच. त्यानंतर दोन वर्षं पुण्यातल्या एका छोट्या प्रेसमध्ये मुद्रितशोधन केलं, म्हणजे प्रूफं वाचली. सकाळी डाव्या हाताला प्रूफांचा गठ्ठा, 16 पानांचा एक फॉर्म, लाल पेन, आणि दिवसभर 'दिन' की 'दीन', हा अनुस्वार हवा की नको एवढंच डोक्यात. वाचलेला फॉर्म उजव्या हाताला ठेवायचा. संध्याकाळी डावीकडचं उजवीकडे गेलेलं दिसायचं, त्याने किती बरं वाटायचं हे मला नीट सांगता येणार नाही. पहिले तीन आठवडे मी डबा खाताना सुद्धा कोणाशी बोलले नाही आणि चौथ्या आठवड्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं काम करणाऱ्या मुलीला आपण होऊन विचारलं, तुझं लोणचं घरचं आहे का गं? पगार आधीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडाच जास्त होता. पण त्या दोन वर्षांनी मला माझं बोलणं परत दिलं.

आता तुमचं. राजीनामा द्यायच्या आधी आहे त्याच कंपनीत एकदा विचारून बघा. तुमच्याकडे क्वालिटीचं काम असणारच, रेकॉर्ड झालेले कॉल ऐकून मार्क देणं, किंवा नव्या मुलांसाठी कुठल्या तक्रारीला काय उत्तर द्यायचं ते लिहून ठेवणं, किंवा एमआयएसचे, म्हणजे रोजच्या कामाच्या आकडेवारीचे रिपोर्ट. 11 वर्षांच्या माणसाला हे मिळू शकतं, पगार फारसा पडत नाही आणि समोरून कोणी ओरडत नाही. टीम लीडरचं पद सोडावं लागेल, तर सोडा. मात्र 'मला झेपत नाही' असं न म्हणता 'मला क्वालिटीत जायचंय' असं सांगा.

तिथे जमलं नाही तर डोंबिवली-कल्याण-ठाण्यातच बघा, रोजचा प्रवास वाचला तरी निम्मा शीण गेला. मोठ्या हॉस्पिटलांत मेडिकल रेकॉर्डचा विभाग असतो, पेशंट घरी गेला की त्याची फाइल तिथे येते, कागद क्रमाने लावायचे, सही राहिली असेल तर परत पाठवायची, नोंद करायची, स्कॅन करायचं. बाहेरून कोणाला माहीतच नसतो हा विभाग. तुमच्यासारख्या नीटनेटक्या बाईला तिथे चांगलं जमेल. पॅथॉलॉजी लॅबचं रिपोर्ट टायपिंग, एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअर्स नाहीतर क्यूसीची, म्हणजे माल तपासणीची कागदपत्रं सांभाळणं, हेही त्याच जातीचं. सीए किंवा टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या एन्ट्र्या, हे काम बहुतेक गप्प बसून करायचं असतं, फक्त महिन्याची 11 आणि 20 तारीख जवळ आली की जीएसटी रिटर्नची धावपळ आणि जुलैमध्ये इन्कम टॅक्सची, ते धरून चाला. तो ताण आधी कळलेला असतो आणि तारीख गेली की जातो, म्हणून मला तो चालण्यासारखा वाटतो. मराठी चांगलं असेल (पत्रावरून आहे) तर प्रूफाचं काम घरी पीडीएफवर सुद्धा मिळतं, पण नवीन माणसाला पानामागे फार कमी मिळतात, हप्ते त्यावर नका टाकू.

काही कामं लांबून शांत दिसतात आणि तशी नसतात. हाउसिंग सोसायटीचं मॅनेजरपद घेऊ नका, पाणी, पार्किंग आणि लीकेज यासाठी रात्री दहाला सुद्धा फोन येतो. दवाखान्यातलं रिसेप्शन तर नकोच. ग्रंथालय सगळ्यांच्या मनात येतं, माझ्याही आलं होतं, पण आपल्याकडची बरीच सार्वजनिक वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात आणि त्यांच्या अ, ब, क, ड वर्गांपैकी खालच्या वर्गातल्या वाचनालयात कर्मचाऱ्याच्या हाती फारच थोडं पडतं, अर्धवेळ करायचं असेल तरच विचारा. आणि 'घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी रजिस्ट्रेशन फी भरा' असं जिथे असेल तिथे एक रुपया देऊ नका. यातले काही लोक आधी फी घेतात, मग तुमच्या कामात चुका काढतात आणि वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून आणखी पैसे मागतात, घाबरून भरणारी माणसं मी पाहिली आहेत. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करायचा.

मुलाखतीत तुम्हीही विचारा, फोन कोणाच्या टेबलावर आहे, बसायची जागा कुठे, सुट्टीच्या दिवशी मेसेज येतात का, आधीच्या माणसाने का सोडलं. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर घरी येऊन दोन दिवस विचार करा.

पैशाचं नीट ऐका, कारण माझी चूक इथेच झाली. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच संपतो हे मी लक्षात घेतलं नाही, सात महिन्यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि एफडी मोडावी लागली. तुम्ही राजीनाम्याच्या आधी मिस्टरांच्या पॉलिसीत नाव घालून घ्या नाहीतर स्वतःची काढा. नवीन पॉलिसीत अपघात सोडून पहिले 30 दिवस क्लेम मिळत नाही आणि आधीपासून असलेल्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का हे एचआरला आत्ताच विचारा. 5 वर्षांच्या वर नोकरी झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून समजा 28,000 असेल तर त्याला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि 11 वर्षांनी गुणायचं, साधारण 1 लाख 77 हजार होतात, आणि ते 30 दिवसांत द्यायचे असतात. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि पगारातली तूट त्यातून भरा, म्हणजे दर महिन्याला मिस्टरांकडे मागायची वेळ येणार नाही. पीएफ मात्र मोडू नका. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत 10 वर्षं पूर्ण झाली असतील तर 58 नंतरच्या पेन्शनचा हक्कही लागतो. नवीन ठिकाणी 20 पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ नसण्याची शक्यता आहे, तरी जुना तसाच राहू दे. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात घेतल्याशिवाय निघू नका, दीड वर्षाने तोच लागणार आहे.

आणि ते छातीत धस्स होणं, ते या आठवड्यात डॉक्टरांना सांगा. बीपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या, पाळी मागेपुढे होत असेल तर तेही बोला, या वयात त्यानेही धडधड होते. कोणाशी नुसतं बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आणि मराठीतही. तुम्हाला फोनच नकोसा झालाय हे कळतंय मला, पण या फोनवर ऐकायचं काम समोरच्याचं असतं.

खाली उतरणं म्हणालात. ताई, चार वर्षं दुसऱ्यांच्या वाट्याचा राग तुम्ही घेतलात, त्यानंतर दीड वर्ष फाइली लावायला बसलात तर कोणाचं काय बिघडलं? नातेवाइकांना एकच वाक्य सांगायचं, 'लेकीची बारावी आहे, घराजवळचं काम घेतलंय.' ते खोटं नाही आणि त्यावर कोणी पुढे विचारत नाही. मुलाखतीत सांगा, 'अकरा वर्षं लोकांशी बोलण्याचं काम केलं, आता कागदावरचं करायचंय, दीड वर्ष नक्की थांबेन.' दीड वर्ष थांबणारं माणूस छोट्या ऑफिसांना हवं असतं. सासूबाईंना आणि लेकीला मात्र खरं सांगा, त्या बाकाचं सुद्धा. आणि काम बदलेपर्यंत घरात शिरल्यावरची वीस मिनिटं कोणी काही विचारायचं नाही असं ठरवून घ्या, चहा लेक टाकेल.