चहातलं औषध

"सिस्टर, गोळी दिसली की तो ताट भिरकावतो. मग चहातून दिलं तर काय बिघडलं?"

स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरून हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. वीस वर्षं मनोविकार वॉर्डात नर्सिंग केलं, आता घरच्यांचं समुपदेशन करते, तरी याचं एका वाक्यात उत्तर द्यायला मी धजत नाही. त्यापेक्षा एका घराचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा 29 वर्षांचा, आयटीआय झालेला, एमआयडीसीत फिटर. आवाज ऐकू यायला लागले, शेजारी पाळत ठेवतात असं वाटायला लागलं, नोकरी सुटली. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन सुरू केलं. दोन महिन्यांत आवाज कमी झाले आणि त्याने गोळ्या बंद केल्या. याच औषधाचे थेंब मिळतात, पाण्यासारखे दिसतात, हे त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, कुणीतरी सांगितलं. पुढच्या खेपेला मुलाला न नेताच त्या चिठ्ठीवर थेंब लिहून घेऊन आल्या. चौदा महिने सकाळच्या चहात घालत होत्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार औषधाची नव्हतीच. "तो घरचं जेवतच नाही हो. सीलबंद पाणी, पुड्यातली बिस्किटं. म्हणतो, आई माझ्या खाण्यात काहीतरी कालवते."

आता यावर काय म्हणायचं? खाण्यात काहीतरी घालतात हा या आजारातला नेहमीचा भ्रम. केसपेपरवरही तसंच लिहिलेलं. पण इथे तो खरं बोलत होता. त्या घरात तो एकटाच खरं बोलत होता.

काकूंना मी बोल लावला नाही. रात्री दोन वाजता गॅलरीच्या कठड्यावर चढलेल्या मुलाला जिने एकटीने खाली ओढलंय, तिला शहाणपण शिकवणारी मी कोण? थेंबांचा हिशेब मात्र विचारला. अर्धा कप उरला तर? "ओतून टाकते." एकदा तो कप त्याच्या वडिलांनीच उचलला आणि ते दुपारपर्यंत घोरत पडले, हे सांगताना काकूंना रडता रडता हसू फुटलं. शिवाय हे थेंब चहात किंवा कोलात मिसळू नयेत, असं मूळ औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणजे चौदा महिन्यांत पोटात नेमकं किती गेलं, ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांना 'रोज घेतो' एवढंच सांगितलेलं. त्या भरवशावर ते मात्रा वाढवत गेले.

आणि गोळ्या त्याने सोडल्या कशामुळे, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी घरी जाऊन भेटले. पहिल्या दिवसापासून अहो-जाहो केलं. बाकी सगळे त्याला 'अरे बाळा' म्हणायचे. तिसऱ्या भेटीत बोलला, "पाय एका जागी ठेवताच येत नव्हते. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की चालावंसं." याला अकॅथिसिया म्हणतात. औषधाचाच दुष्परिणाम, आणि त्याला उपाय आहे: मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडता येते. घरच्यांना मात्र त्या येरझाऱ्या म्हणजे आजार बळावला असं वाटलं. वॉर्डात नव्या मुलींना मी सांगायचे, फेऱ्या घालणाऱ्याला 'बस' म्हणण्याआधी त्याला बसवतंय का ते विचारा.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. मग मुलाला सांगायचं ठरलं, तेही काकूंनीच, घरात पाहुणे नसताना, वडिलांसमोर. वाक्यं आम्ही दोघींनी बसवली: "मी घालत होते. घाबरले होते. आता नाही घालणार." 'तुझ्या भल्यासाठी' एवढं मी गाळायला लावलं. तो ओरडला नाही. "म्हणजे ते माझ्या डोक्यातलं नव्हतं," म्हणाला आणि खोलीत गेला. अकरा दिवस आईशी बोलला नाही. काकूंचा रोज फोन यायचा, आणि रोज मला वाटायचं, आपलंच चुकलं.

बाराव्या दिवशी तो स्वतःहून डॉक्टरांकडे आला. औषध बदलून ओलान्झापिन दिलं. पाय शांत झाले, पण भूक खवळली. चार महिन्यांत वजन सहा किलो वाढलं. आता वजनकाटा आणि साखरेची तपासणी सुटत नाही. हेही त्याला आधी सांगितलेलं होतं.

सांगूनही ऐकलं नाही तर? जिवाला धोका असेल, मरणाची भाषा असेल, अन्नपाणी तुटलं असेल, तर चहा नव्हे, रुग्णालय. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करायची सोय 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लावा.

आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्कही त्याच कायद्याने दिलाय. याने लिहायला घेतलंय. कच्च्या कागदावरची पहिली ओळ: मला काहीही लपवून देऊ नये.

गोळी तो स्वतः पाकिटातून फोडून घेतो, काकूंसमोर. चहाही स्वतःच करतो, दोघांचा. तो उकळेपर्यंत काकूंना अजून गॅसजवळ येऊ देत नाही.